लाडूचा डबा

बत्तीस शिराळा,
कोजागरी पौर्णिमा

चि. मृण्मयी हिस,


दिवाळीला एका मैत्रिणीबरोबर गाडीनं येतेस आणि सोबत ‘लाडू’ आणतेस, हे तू इतक्या सहज कळवलंस की तुझ्या मामीनं विचारलं, बेसनाचे की रव्याचे? मी म्हटलं, आफ्रिकेचा. मग सगळंच सांगावं लागलं. तुझी खोलीतली मैत्रीण शिकायला परदेशी गेली आणि जाताना आपला बॉल पायथन तुझ्या गळ्यात मारून गेली. मामी त्यानंतर बराच वेळ काही बोलली नाही.

मी साप पाळण्याच्या विरुद्ध आहे, हे तुला ठाऊक आहे. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहिले, ते ऐकून आमच्या वयाची पोरं सापांच्या नादी लागली, त्यातलाच मी. पण आयुष्यभर साप पकडले ते सोडून देण्यासाठी. घरात काचेमागे ठेवून त्याला नाव द्यावं, असं कधी वाटलं नाही. असो. तो आता तुझ्याकडे आहे आणि त्यात त्याची काही चूक नाही. दिल्लीच्या मुनिरक्याहून शिराळा सोळाशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या लांब त्याला धड आणायचं तर काही गोष्टी आजच कानावर घालतो.

आधी कागद. आपल्याकडचा कुठलाही साप, धामण असो की अजगर, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. लाडू परदेशी जातीचा, म्हणून वाचला. पण मोकळा नाही. २०२२ च्या दुरुस्तीनं वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबद्दलच्या साइट्स करारातल्या प्रजाती, लाडूची जातही त्यातलीच, कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या, आणि २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी ज्याच्याकडे असेल त्यानं ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करायची असते. मालक बदलला तर तेही कळवायचं असतं. नोंद मैत्रिणीच्या नावावर असेल तर तू आज त्याची मालकीण नाहीस, नुसती राखणदार आहेस. दिल्लीच्या वनखात्याकडे जाऊन ते नावावर करून घे, आणि तो महाराष्ट्रात येतोय हेही लेखी कळव. नोंदच झालेली नसेल तर गाडीची चावी खाली ठेव. तसा डबा घेऊन राज्याच्या सीमा ओलांडू नकोस.

मी एवढं का ताणतो? रस्त्यातल्या नाक्यावर पोलिसाला डब्यात साप दिसला की त्याच्या डोक्यात पहिला शब्द येणार मांडूळ. दुतोंड्या म्हणून त्याला गुप्तधन शोधायला लाखालाखांनी विकणारे भामटे आपल्याच जिल्ह्यांतून पकडले गेलेत. तुझा ठिपक्यांचा गोळा म्हणजे मांडूळ नव्हे, हे पटवायला तुझं प्राणिशास्त्र कामाला येणार नाही. शिक्क्याचा कागद येईल. मूळ प्रत पिशवीत, दुसरी गाडीच्या कप्प्यात ठेव.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, जवळच संजय वन आहे, दे सोडून. तसं स्वप्नातही आणू नकोस. एक तर दिल्लीच्या थंडीत तो मरेल. आणि नाही मेला, तर त्याच्या अंगावरचे गोचीड आणि रोग तिथल्या सापांना मिळतील. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत लोकांनी पाळलेले ब्रह्मी अजगर असेच सुटले, आणि आता तिथले ससे, रॅकून दिसेनासे झालेत.

आता डबा. इथे मला आमच्या गावाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. तू लहान होतीस तेव्हा नागपंचमीच्या आधी गावातली मंडळी रानात जाऊन नाग धरून आणायची, हे तुला पुसट आठवत असेल. गोरक्षनाथांची कथा, अंबामातेचं देऊळ, सजवलेल्या बैलगाड्या. धरलेला नाग मातीच्या मडक्यात ठेवायचे, तोंडावर कापड बांधायचे आणि मडकं घरातल्या गार, काळोख्या कोपऱ्यात. बघ, शाळेची पायरी न चढलेल्या माणसांना ठाऊक होतं की सापाला अंधार हवा, अंगाला चारी बाजूंनी भिंत टेकायला हवी, वारा हवा आणि ऊन नको. मडकं लवकर तापत नाही, म्हणून आत गारवा राहतो. यापेक्षा चांगला डबा मी आजवर बघितला नाही. पण मग पंचमीला तोच नाग बाहेर काढून ढोल-ताशात, हजारो माणसांत फणा काढायला लावायचे. तिथे सगळं शहाणपण संपायचं. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशानं ते थांबलं. गावात अजून दोन तट आहेत आणि माझे चुलतभाऊ माझ्या विरुद्ध तटात आहेत, तरी मी सांगतो, थांबलं ते बरं झालं. मडक्यात नागाला काही होत नव्हतं. जे व्हायचं ते मडकं उघडल्यावर.

तुझ्याही प्रवासात तेच. डबा उघडावासा वाटेल. दर दोन तासांनी वाटेल, बरा असेल ना, घुसमटला नसेल ना. धाब्यावरचं पोरगं म्हणेल, दीदी, दिखाओ ना. उघडू नकोस.

मांजरपाटाची पिशवी शिवून घे, उशीच्या खोळीएवढी, दुहेरी शिलाईची. वापरताना उलटी करायची, म्हणजे शिलाईचे सुटे धागे बाहेर राहतात. आत राहिले तर त्याच्या खवल्यांत, बोटभर शेपटीत अडकून रक्त थांबतं. तोंडाला पीळ दे, पीळ दुमडून नाडीनं बांध. रबरबँड लावू नकोस, तो सरकतो. ही पिशवी झाकणाला दोन्हीकडे कड्या असलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवायची. भोकं तापलेल्या सळीनं आतून बाहेर पाडायची, म्हणजे खरखरीत कड बाहेर येते. डबा मोठा घेऊ नकोस. आपल्याला वाटतं ऐसपैस जागा दिली म्हणजे माया केली. गाडीनं ब्रेक मारला की त्या ऐसपैस जागेत तो आपटतो. वेटोळं करून बसला की कडेला चार बोटं उरतील एवढाच डबा, रिकाम्या जागेत चुरगाळलेली वर्तमानपत्रं. पाण्याची वाटी आत नको. सांडली की पिशवी ओली होते आणि सापाला सर्दी धरते.

पिशवीबद्दल मी इतकं बारीक लिहितो त्याला कारण आहे. १९९८ च्या उन्हाळ्यात एका वसाहतीतून मी सात फुटी धामण धरली. मांजरपाटाची पिशवी घरी विसरलो होतो, म्हणून तिथलंच युरियाचं पोतं घेतलं, सुतळीनं बांधलं आणि मित्राच्या जीपमध्ये मागे टाकलं. पोत्याच्या तळाला उंदरानं पाडलेलं भोक मी बघितलं नाही. पेठ नाक्याच्या पुढे आलो तर पोतं चपटं. जीप थांबवली, सीटा काढल्या, फळ्या काढल्या. सापडेना. ती डॅशबोर्डच्या मागून इंजिनाकडे सरकली होती आणि आम्ही गाडी पुन्हा सुरू केली तेव्हा पंख्याच्या पट्ट्यात गेली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. म्हणून, लाडू कधी गाडीत सुटलाच, तर गाडी बाजूला, सावलीत घेऊन इंजिन बंद कर, काचा लाव आणि तो हाताशी येईपर्यंत इंजिनाला हात लावू नकोस. सीट पुढे-मागे सरकवू नकोस. तो अंधार शोधत खालीच जाईल. तीन तास गेले तर जाऊ देत.

निघण्याआधी आठवडाभर, जमलं तर दहा दिवस, खायला देऊ नकोस. पोटात उंदीर असताना गाडी हलली तर तो ओकतो, आणि सापाला ओकणं माणसासारखं साधं नसतं. अन्ननलिका सोलवटते, मग महिनाभर खाणं धड होत नाही. उपाशी राहील याची काळजी सोड, बॉल पायथन आपणहून महिनोन् महिने खात नाही. पाणी मात्र निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत असू दे. आणि डोळे दुधाळ झाले असतील तर प्रवास पुढे ढकल. कात टाकायला आलेला साप जवळजवळ आंधळा असतो आणि म्हणून भित्रा.

आता ऊन. साप अंगात ऊब तयार करत नाही, बाहेरून उसनी घेतो. लाडूला पंचवीस ते तीस अंश मानवतात. अठराच्या खाली तो आजारी पडतो आणि पस्तीसच्या वर जगणं अवघड. तू दिवाळीच्या आधी निघतेस ते उत्तम. मे महिना असता तर मी येऊच दिलं नसतं, आणि डिसेंबरच्या अखेरीस दिल्लीचं धुकं आणि थंडी. शिवाय मुनिरक्याच्या गल्लीत लक्ष्मीपूजनाला जे फटाके वाजतात त्यात तो राहिला असता तर आवाजापेक्षा भिंतींच्या हादऱ्यानं अधिक भेदरला असता. सापाला जबड्याच्या हाडातून हादरे कळतात. त्यावरून आठवलं, गाडीतला तो ढमढम करणारा स्पीकर बंद. गाणी ऐकायची तर हळू.

मासोळ्यांच्या टाकीसाठी वायरवाला छोटा डिजिटल तापमापक मिळतो. त्याची वायर भोकातून आत सोड, आकडा बाहेर ठेव. झाकण न उघडता काळजी करायची हीच एक सोय आहे. डबा मागच्या सीटवर पट्ट्यानं बांध. डिकीत ठेवू नकोस, तिथे एसीचा वारा पोचत नाही. पायाशी ठेवायचा असेल तर आधी तळवा टेकवून बघ, कित्येक गाड्यांत सायलेन्सरच्या नळीवरची फरशी तापते. एसीचा झोतही सरळ अंगावर नको. तुम्ही दिवसभर दक्षिणेला येणार, म्हणजे सकाळी ऊन डाव्या खिडकीतून आणि दुपारनंतर उजव्या. त्याप्रमाणे सकाळी डबा उजवीकडे, जेवणानंतर डावीकडे हलव, वर पांढरा टॉवेल. औषधाच्या दुकानातून थर्माकोलचं खोकं मागून घे आणि डबा त्यात बसव, वाऱ्याला भोकं पाडून. पाऱ्यानं तिशी ओलांडली तर गार पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्यात, डब्याच्या बाहेरून ठेव. आत बर्फ कधीच नाही.

आणि गाडी बंद करून दोघी एकदम जेवायला गेलात, असं होता कामा नये. बाहेर तीस अंश असले तरी बंद गाडी अर्ध्या तासात चाळीस ओलांडते. एकीनं जेवावं, दुसरीनं एसी लावून बसावं.

तुझी खोली मी बघितली आहे. तुला प्रवेश मिळाला तेव्हा सोडायला आलो होतो. मुनिरक्याच्या त्या गल्लीत दोन इमारतींच्या गच्च्या एकमेकींना हात लावतील एवढ्या जवळ, वर तारांचं जाळं, आणि गाडी तर आत येतच नाही. म्हणजे तीन जिने आणि मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट डबा हातात घेऊन चालायची. पहाटे चारला निघ. तेव्हा गल्लीत कुत्री असतात पण माणसं नसतात, आणि इथे मला कुत्र्यांपेक्षा माणसांची भीती अधिक. डबा ओढणीखाली धर. तिथून गुरुग्राम, सोहना, तिथून २०२३ मध्ये सुरू झालेला दौशाचा द्रुतगती मार्ग. उजाडण्याआधी गुरुग्राम मागे टाकायचं, दिवाळीच्या गर्दीत तिथे गाडी तासन् तास उभी राहते.

तीन दिवस घ्या. पहिला मुक्काम कोटा, दुसरा धुळे. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट उजेडात उतरा, तिथे ट्रक पडलेले असतात. रात्री खोलीत गेलात की डबा कपाटाखाली, अंधारात, एसी पंचविसावर. न्हाणीघरात मोकळा सोडायचा मोह होईल, अंग आळसावलं असेल म्हणून. न्हाणीघरात मोरीचं भोक असतं आणि सापाला भोक म्हणजे बीळ. फार तर दुसऱ्या रात्री, दार लावून, फटीत टॉवेल कोंबून, पिशवीतून डब्यातच काढ आणि थोडं पाणी दाव. प्यायला तर प्यायला. हात साबणानं धू, मगच खा. सापाच्या अंगावर साल्मोनेला असतो आणि त्याला तो बाधत नाही, आपल्याला बाधतो. हॉटेलवाल्याला सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी सांगेन म्हणतो, पण मला आजवर तीन ठिकाणी बाहेर काढलंय.

पुण्याला पोचलात की कळव. काही बिनसलं असेल, तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल किंवा नाकातून फेस येत असेल, तर घरी यायची घाई नको. सापांवर उपचार करणाऱ्या पुण्यातल्या पशुवैद्याकडे आधी. मी तुला नंबर वेगळा पाठवतो. सगळं ठीक असेल तर पेठ नाक्यावर मी उभा राहतो.

इथे आल्यावर लाडूला मागच्या खोलीत ठेवू. मी ती रिकामी करून ठेवलीये. आठवडाभर खायला नाही, हातात घ्यायचं नाही, शेजारच्या पोरांना दाखवायचं नाही. मलाही नाही. मी दाराबाहेरून बघेन.

राहता राहिली तुझी आई. आक्काला मी सांगतो, पण समोरासमोर आणि तू पोचायच्या आदल्या दिवशी. तोवर फोनवर तिच्याजवळ ‘लाडूचा डबा सांभाळून आणते’ असं काही बोलून बसू नकोस. परवाच म्हणत होती, यंदा पोरगी दिल्लीहून फराळ घेऊन येणार म्हणून.

तुझा,
बापूमामा