पणजीचा नळ आणि कलबुर्गीचा नळ

आमची मातृभाषा कोंकणी, आणि वास्तव्य या सीमाभागात. त्यामुळे पणजीच्या व कलबुर्गीच्या नळांची तुलना आमच्या घरी नेहमीच चालते. तिकडे साबणास भरपूर फेस येतो, इकडे तीच वडी लवकर झिजते. तिकडे तुरीची डाळ चटकन शिजते, इकडे पुष्कळ वेळ गेला तरी दाणा टणकच. यावरून वडील मंडळी तिकडचे पाणी चांगले, इकडचे वाईट, असा निकाल देऊन मोकळी होतात. हा निकाल कितपत खरा, हे विद्यार्थी मित्रांनी तपासून पाहावे.

ज्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक, ते दुष्फेन पाणी. हे क्षार साबणाशी संयोग पावून चिकट साका तयार करतात. ते संपेपर्यंत फेस धरत नाही. डाळीच्या पेशींना सांधणारे पेक्टिनही कॅल्शियममुळे घट्ट होते.

आता हे क्षार येतात कोठून? पणजीस ओपा येथून खांडेपार नदीचे पाणी मिळते. सह्याद्रीवरचा मुसळधार पाऊस जांभ्या दगडावरून वाहत येतो. जांभा म्हणजे युगानुयुगे पावसाने धुऊन निघालेला खडक. त्यातील चुना केव्हाच वाहून गेला, लोह तेवढे मागे उरले. कलबुर्गीस भीमेचे व बेण्णेतोरेचे पाणी मिळते. भीमाशंकराहून निघालेली भीमा काळ्या पाषाणातून आणि चुनखडीचे खडे असलेल्या काळ्या मातीतून लांबचा प्रवास करते; वाटेत पाऊस थोडा, ऊन कडक. पाणी आटते, क्षार राहतात. शहाबाद, सेडमकडील विहिरी तर चुन्याच्या दगडातच आहेत. गंमत अशी की, शेजारचे बीदर पुन्हा जांभ्यावरच वसले आहे. बहामनी काळातील तेथील भुयारी कालवे त्याच दगडात खोदलेले आहेत. तेथील तांबडी माती पाहून आम्हांस घरची आठवण होते!

परंतु दुष्फेन म्हणजे दूषित नव्हे. भारतीय मानकाप्रमाणे (2012) कठीणपणा दर लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरे पाणी नसल्यास 600 पर्यंत चालतो. लंडनचे पाणी दुष्फेनच आहे. ग्लासगो शहरास 1859 पासून कॅट्रिन सरोवराचे अतिशय सुफेन पाणी मिळू लागले. पण असे पाणी शिशाच्या नळातील शिसे विरघळवते. पटकीचे जंतू तर फेसाळ, नितळ पाण्यातही असू शकतात. तुरटीने गाळ बसतो, कठीणपणा जात नाही, आणि जंतूंचीही खात्री देता येत नाही. पाणी खळखळून उकळल्यास जंतू मरतात, शिवाय तात्पुरता कठीणपणा भांड्याच्या बुडाशी पांढऱ्या थराच्या रूपाने बसतो. उन्हाळ्यात नळ बंद पडून टँकरचे पाणी येते, तेव्हा फेसाकडे न पाहता चूल पेटवावी हेच बरे.

ॲबर्डीनचे प्राध्यापक टॉमस क्लार्क यांनी एकोणिसाव्या शतकात दाखविलेली रीत घरीही करता येते. दोन सारख्या बाटल्यांत समान पाणी घ्यावे, एकीत पावसाचे, दुसरीत नळाचे. साबणाचे द्रावण थेंब थेंब घालून हलवावे आणि टिकाऊ फेस येईपर्यंतचे थेंब मोजावेत. मग नळाचे पाणी उकळून, निववून, गाळून पुन्हा मोजावे. जितके थेंब कमी लागले तितका कठीणपणा तात्पुरता. डिटर्जंट पावडर मात्र घेऊ नये. तिला दुष्फेन पाण्यातही फेस येतो.