भाजीच्या गादी वाफ्यास कड कशाची घालावी?

काळी जमीन कपाशीस माउली खरी. परंतु पावसाळ्यात भाजीच्या रोपास ती पुष्कळदा मानवत नाही. पाणी धरून ठेवणे हा तिचा गुण. तोच मिरची, वांगी व टमाटे यांच्या कोवळ्या मुळ्यांस मारक ठरतो, आणि महागाचे बी उगवून चार दिवसांत कोलमडते. गादी वाफा हा यावरील उपाय सर्वांस ठाऊक आहेच. तथापि नुसत्या मातीची गादी जोराच्या पावसात ढासळते. सबब तिला पक्की कड हवी. ती कशाची असावी, याचा विचार राजूर-भोकरदनकडील शेतकरी बंधूंसाठी येथे करू.

प्रथम वाफ्याचे मान पाहू. रुंदी ३ फुटांहून अधिक नसावी, म्हणजे आत पाय न घालता दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो. लांबी १० फूट व उंची ९ इंच धरल्यास कडेचा घेर २६ फूट होतो. १ इंच जाडीच्या फळ्या लावल्यास सुमारे १.६ घनफूट लाकूड लागते. पाच वाफ्यांस हाच आकडा ८ घनफुटांवर जातो. तेव्हा आधी हिशेब, मग खरेदी.

ओल्या मातीत लाकडाचे शत्रू दोन, कूज व वाळवी. त्यांपुढे लाकडाचा गडद गाभाच टिकाव धरतो. बाहेरील पांढरा भाग लवकर जातो. सागाचा गाभा उत्तम. पण वाफ्यास नवा साग लावणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यात साग अनुसूचित आहे; बांधावरचा, स्वतःचा असला तरी परवानगीवाचून तोडू नये. जुन्या वाड्याचे रंग न दिलेले सागवान मिळाल्यास ते जरूर घ्यावे. त्याखालोखाल बाभळीचा पक्व गाभा. आंबा, निलगिरी व सुबाभूळ यांवर भिस्त ठेवू नये. फळी मातीवर न टेकवता चपट्या दगडांवर बसवावी, आणि वाफ्यात कच्चे शेण घालू नये. त्याने वाळवीस आमंत्रण मिळते.

आता मुख्य सावधगिरी. वाळवी लागू नये म्हणून फळीस इंजिनाचे जळके तेल किंवा डांबर फासण्याची चाल आहे. शेताच्या फाटकास ते चालेल, भाजीस नव्हे. रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर भंगारात मिळतात व दिसण्यात भक्कम असतात. परंतु ते क्रिओसोट नामक कोळशाच्या तेलात मुरवलेले असतात, आणि त्यातील द्रव्ये कर्करोगास कारण होतात. तीच गोष्ट हिरवट झाक असलेल्या प्रक्रिया केलेल्या लाकडाची. तांबे, क्रोम व सोमल यांचे हे मिश्रण डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील सोंटी कामेसन् यांनी १९३३ साली शोधले व ते जगभर गेले. लाकूड त्याने टिकते, पण सोमल हळूहळू मातीत झिरपतो. म्हणून अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती कामासाठी असे लाकूड तयार करणे थांबविण्यात आले. अॅस्बेस्टॉसचे फुटके पत्रेही वर्ज्य समजावेत.

मग आपल्याकडे सर्वांत योग्य काय? बांधावर पडलेला काळा दगड. तो कुजत नाही, त्यास वाळवी लागत नाही, आणि खर्च फक्त मजुरीचा. मात्र काळी माती पावसात फुगते व उन्हात भेगाळते. त्यामुळे वरवर रचलेला दगड सरकतो. याकरिता वीतभर चर खणून त्यात मुरूम ठोकावा व त्यावर दगड कोरडाच रचावा. चुना-सिमेंट नको, फटींतून जादा पाणी निघून गेले पाहिजे. त्याच कारणास्तव तळाशी प्लास्टिक अंथरू नये. जेथे दगड नाही तेथे भाजक्या विटा उभ्या रोवाव्यात.

उन्हाळ्यात मात्र उंच वाफा लवकर वाळतो. त्या दिवसांत सपाट वाफाच बरा. गादी वाफा खरिपाच्या रोपांसाठी राखावा. कडेचे काम वैशाखातच उरकावे. मृगाचा पाऊस पडल्यावर चरातील मुरूम नीट दबत नाही.