चार वाजता थांब

पालम, कार्तिक

चि. धाकलीस,

अक्काचा फोन आला होता. पोरगी एकटीच सायकल घेऊन बालाघाटात जाणार, रात्री तंबू ठोकून झोपणार, तूच तिला काही सांग, म्हणाली. मी तुला अडवावं असं तिच्या मनात होतं. अडवणार नाही. पण माझी एक अट आहे, आणि ती ऐकून तू हसशील. दुपारी चार वाजता थांबायचं, कुठेही असलीस तरी.

चारच का? या दिवसांत आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि मावळला की अंधार फार वेळ वाट बघत नाही. मधल्या वेळात जागा शोधायची, मालकाला विचारायचं, पाणी भरायचं, तंबू उभा करायचा, भाकरीचं बघायचं. एकटीला हे सगळं दोन हातांनी करायचं असतं. बरोबर कुणी असलं की एक जण टॉर्च धरतो, दुसरा खुंट्या ठोकतो. तुला टॉर्च दातात धरावी लागेल. आणि अंधारात निवडलेली जागा बहुधा चुकीची निघते: ओढ्याचं पात्र, मुंग्यांचं वारूळ, नाहीतर उसाच्या फडाची कड.

उसावरून आठवलं. हंगाम सुरू झाला की गंगाखेडच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर धावतात. कित्येकांना मागे दिवाच नसतो. बालाघाटात सापाची किंवा बिबट्याची भीती घालणारे पुष्कळ भेटतील, पण मला धास्ती आहे ती या बिनदिव्याच्या ट्रॉल्यांची. अंधार पडायच्या आत रस्ता सोडायचा, यातच माझी अर्धी काळजी मिटते.

मार्ग सांगतो. पालमहून पहाटे निघ, गंगाखेडला पोहोच. जनाबाईंचं गाव आहे, गोदावरीच्या काठावर थोडी टेक. तिथून राणीसावरगावच्या बाजूला वळलीस की सपाटी संपते. सह्याद्रीतून हरिश्चंद्रगडाजवळ फुटून निघालेली बालाघाटची रांग नगर, बीड ओलांडून इथवर येता येता ठेंगणी झालेली आहे. पुण्याच्या पोरांना हे डोंगर वाटणारच नाहीत. चढताना मात्र कळतं. तुझं, सायकलचं आणि सामानाचं वजन मिळून ८५ किलो धरलं आणि दिवसभरात एकूण ३०० मीटर चढलीस, तर पृथ्वी फक्त ६० किलोकॅलरी मागते. शरीर मात्र खर्चातल्या पाऊण भागाची उष्णता करून टाकतं, म्हणून नुसत्या चढालाच २४० लागतात. एका चांगल्या भाकरीचा हिशेब! सपाटीचा खर्च वेगळा. म्हणून पिशवीत काय भरायचं ते तूच ठरव. कमी भरलंस तर चढावर आणखी बरं. धपाटे अक्का करून देईल, दोन दिवस टिकतात. शेंगदाण्याची चटणी घे. पाणी मात्र चार लिटरच्या खाली नको. या माळावर मधेच विहीर मिळेल असं समजू नकोस.

पंक्चरचं सामान, दोन ट्यूब, पंप. बाभळीचा काटा ट्यूबमधून काढला तरी टायरमध्ये त्याचं टोक राहतं, नवी ट्यूब घातली की पुन्हा फुटते. टायरच्या आतून बोट फिरवून बघितल्याशिवाय ट्यूब घालायची नाही. अवकाळी पाऊस झाला तर काळ्या मातीची वाट धरूच नकोस. ती चिकटून मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरायचं बंद होतं. मग सायकल खांद्यावर.

तंबूसाठी मुरमाड, थोडी उंच जागा बघ. थंड हवा खाली उतरून खोलगट भागात साचते, आणि आपल्या परभणीत हिवाळ्याचं किमान तापमान एक आकडी होतं, हे कृषी विद्यापीठाच्या नोंदीत तू दरवर्षी वाचतेस. कुणाच्या रानात उतरायचं तर मालकाला विचारून, मालक नसेल तर पोलीस पाटलाला सांगून. वनखात्याच्या हद्दीत नाही. राणीसावरगावला रेणुकेचं देऊळ आहे. आवाराजवळ राहू द्याल का, असं तिथल्या माणसांना सरळ विचार. विचारायला लाज वाटली म्हणून माळावर एकटं झोपण्यात काही मोठेपणा नाही. झोपताना तंबूची चेन पूर्ण लावायची. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते, आणि चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखलं, पापण्या जड झाल्या तर मांत्रिकाकडे नव्हे, १०८ ला फोन.

वेदांगी कुलकर्णी तुला माहीत आहे. पुण्याची मुलगी, २०१८ साली तिने बहुतांश एकटीने १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून १४ देश पार केले. स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने तिला लुटलं, कॅनडात अस्वल मागे लागलं. आपण तिचे आकडे सांगतो. मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं: रोज संध्याकाळी ती कुठे थांबली, कुणाला विचारलं, कधी पुढे जायचं नाही असं ठरवलं. एकट्या माणसाच्या प्रवासात असे निर्णय रोज घ्यावे लागतात, आणि ते घ्यायला दुसरं कुणी नसतं. पायाची ताकद सरावाने येते. थांबायची सवय वेगळी लावावी लागते, कारण त्या वेळी अंगात जोर शिल्लक असतो आणि पुढचा चढ समोर दिसत असतो.

आता तुझं लेह. पुढच्या वर्षी मनालीहून जायचं म्हणतेस. तिथे ३,००० मीटरच्या वर रोजच्या झोपेची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असा नियम आहे. म्हणजे दम असूनही थांबायचं. इथल्या टेकडीवर चार वाजता थांबणं ज्याला जमत नाही त्याला सरचूला ते जमेल, हे मला पटत नाही.

संध्याकाळी सात वाजता अक्काला फोन कर. रेंज नसली तर आधीच गावातून करून ठेव. मार्ग आणि मुक्कामाची जागा कागदावर लिहून माझ्याकडे दे. मोबाईलवर नको, मला सापडत नाही. निघायच्या आदल्या दिवशी सायकल घेऊन ये, ब्रेक मी बघतो.

तुझा,
मामा