कराराची कोंबडी : शेड बांधण्यापूर्वीचा हिशेब

आचऱ्याच्या गावपळणीत सारा गाव तीन दिवस व तीन रात्री वेशीबाहेर राहतो. गुरे दाव्याने जातात, कोंबड्या डालग्यांतून जातात. घरची कोंबडी केव्हा विकावयाची हे घरधनीण ठरविते. करारावर पाळलेल्या हजार मांसल कोंबड्यांचे तसे नाही. त्या डालग्यांत मावत नाहीत आणि त्या आपल्या मालकीच्याही नसतात.

झटपट खाद्यगृहाच्या प्रत्येक शाखेत एकाच वजनाचा व चवीचा तुकडा लागतो. १९४८ साली अमेरिकेत सॅन बर्नार्डिनो येथे मॅकडोनाल्ड बंधूंनी स्वयंपाकघरात कारखान्यासारखी कामाची वाटणी केली. त्या नावाचे खाद्यगृह भारतात १९९६ साली निघाले. तुकडा एकसारखा हवा, तर पक्षीही एकसारखा हवा. म्हणून अंडी उबविण्यापासून विक्रीपर्यंतची कामे एका हाती एकवटतात. आपल्याकडे बहुतेक पक्षी अद्याप जिवंतच दुकानात जातात. तथापि पाळण्याची रीत कारखान्याचीच आहे.

करारात पिल्ले, खाद्य व औषधे कंपनीची. शेड, पाणी, वीज, तूस व मेहनत शेतकऱ्याची. सुमारे सहा आठवड्यांत पक्षी दोन किलोंचा होतो. मोबदला वजनावर मिळतो, परंतु किलोमागे किती खाद्य लागले यावर तो कमीअधिक होतो. हजार पक्ष्यांचे वजन दोन हजार किलो धरू. किलोमागे १.७ किलो खाद्य लागल्यास ३,४०० किलो, १.९ लागल्यास ३,८०० किलो खर्च होते. पन्नास किलोंच्या आठ पोत्यांचा हा फरक शेतकऱ्याच्या मोबदल्यास बाधतो.

कोकणात पावसाळ्यात विशेष सांभाळावे. तुसाची गादी ओली राहिली की अमोनियाचा उग्र दर्प सुटतो, रक्ती हगवण पसरते व खाल्लेले अंगी लागत नाही. गादी वरचेवर हलवावी. मुठीत दाबलेल्या तुसाचा गोळा न फुटल्यास तेवढे तूस काढून कोरडे घालावे. वाढीसाठी म्हणून प्रतिजैविके देऊ नयेत; कोलिस्टिनचा कुक्कुटपालनातील वापर केंद्र सरकारने २०१९ साली बंद केला आहे.

ग्रामसेवकांनी करार शेतकऱ्यास वाचून दाखवावा. मर कोणाच्या माथी? पक्षी उचलण्यास विलंब झाल्यास त्या दिवसांचे खाद्य कोणाच्या हिशेबी? शेडचे कर्ज शेतकऱ्याच्या नावे असते. कंपनीने पुढील खेप दिली नाही, तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. गावपळण रामेश्वराच्या कौलाने ठरते, आणि खेप सहा आठवड्यांची असते. तेव्हा त्या वर्षी पिल्ले केव्हा उतरावयाची व पक्षी केव्हा उचलावयाचे, हे कंपनीकडून अगोदरच लिहून घ्यावे.