लीला चिटणीस : शिकलेली नटी, साबणावरचा चेहरा

दुकानाच्या भिंतीवर एक रंगीत कागद चिकटवलेला असतो. त्यावर सिनेमातली एक बाई हसत असते. तिच्या हातात साबणाची वडी असते. चित्राखाली दोन ओळी छापलेल्या असतात. पूर्वी आपण नुसते चित्र बघत होतो. आता त्या दोन ओळीही आपल्याला वाचता येतात.

माल विकण्यासाठी जी व्यक्ती आपला चेहरा देते, तिला मॉडेल म्हणतात. आज हा मोठा धंदा आहे. पण आपल्या देशात सिनेमातली बाई पहिल्यांदा साबणाच्या जाहिरातीत आली ती १९४१ साली. साबण होता लक्स. आणि ती बाई होती आपल्या मराठी घरातली. तिचे नाव लीला चिटणीस. आज आपण तिची हकीकत वाचणार आहोत.

लीलाबाईंचा जन्म १९०९ साली धारवाडला झाला. धारवाड आज कर्नाटकात आहे. त्या वेळी ते मुंबई इलाख्यात होते. माहेरचे आडनाव नगरकर. वडील इंग्रजीचे प्राध्यापक होते. म्हणजे कॉलेजात शिकवीत. घरी पुस्तके होती, आणि मुलीने शिकू नये असे म्हणणारे त्या घरात कोणी नव्हते. ज्या काळात पोरीला अक्षर ओळखू देणे म्हणजे घराला बट्टा, असे पुष्कळांना वाटे, त्या काळातली ही गोष्ट आहे. लीलाबाई बी. ए. झाल्या. बी. ए. होणे म्हणजे कॉलेजची पदवी मिळवणे. अशा माणसाला पदवीधर म्हणतात.

लग्न लहान वयातच झाले होते. नवरा डॉक्टर, डॉ. गजानन यशवंत चिटणीस. या घरात देशाच्या स्वातंत्र्याची ओढ होती, आणि ती नुसती बोलण्यातली नव्हती. मानवेंद्रनाथ रॉय नावाचे एक मोठे क्रांतिकारक होते. इंग्रज सरकार त्यांच्या मागावर होते. ते चोरून हिंदुस्थानात परतले, तेव्हा चिटणीस पतिपत्नींनी त्यांना आपल्या घरात आसरा दिला. सापडले असते तर दोघांनाही बेड्या पडल्या असत्या. रॉय यांना १९३१ साली मुंबईत पकडले आणि १९३६ पर्यंत ते तुरुंगात होते. एवढ्यावरून त्या आसऱ्यात किती जोखीम होती ते ध्यानात घ्या.

पुढे संसार मोडला. नवरा-बायको वेगळी झाली. पदरी चार मुले.

आता विचार करा. १९३० च्या पुढची ती वर्षे. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई, चार तोंडे खाणारी. अशा बाईने माहेरी जाऊन भावजयीच्या हाताखाली राबावे, हीच तेव्हाची रीत. लीलाबाईंनी शाळेत मास्तरीण म्हणून नोकरी धरली. शिक्षण हाताशी होते म्हणून नोकरी मिळाली, हे आम्ही मुद्दाम सांगतो. पण मास्तरकीच्या पगारात घर भागत नव्हते. तो पगार कसा असतो ते आम्हाला विचारा! तेव्हा त्या नाटकात शिरल्या.

नाटक-सिनेमात काम करणे म्हणजे बाईने काय पत्करणे होते, हे कळण्यासाठी थोडे मागे जाऊ. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा बोलपट नसलेला, म्हणजे मुका सिनेमा काढला. त्यात तारामतीचे काम करायला एकही बाई मिळेना. शेवटी अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने लुगडे नेसून ते काम केले. हा गृहस्थ एका खाणावळीत कामाला होता. रंगभूमीवरही तेच. बालगंधर्वांसारखे पुरुष नटच शालू-पैठणी नेसून बाईचे काम करीत, आणि लोक त्यावर जीव टाकीत. फाळक्यांच्याच पुढच्या सिनेमात, ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघींनी काम केले. पण घरंदाज म्हणवणाऱ्या घरांची दारे बंदच राहिली. १९३२ साली दुर्गाबाई खोटे ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात तारामती झाल्या. मोठ्या घरची बाई पडद्यावर आली म्हणून केवढा गवगवा झाला!

१९३३ साली नाट्यमन्वंतर नावाची नवी मराठी नाटक कंपनी निघाली. बायकांची कामे बायकांनीच करायची, आणि आजच्या घरातले प्रश्न नाटकात मांडायचे, हा तिचा बाणा. लीलाबाई या कंपनीत गेल्या. ‘उसना नवरा’ या विनोदी नाटकात त्यांनी काम केले. पुढे स्वतःची मंडळीही जमवली.

सिनेमात मात्र त्यांना कोणी पायघड्या घातल्या नाहीत. सागर मूव्हीटोन या कंपनीत त्या प्रथम गर्दीतली कामे करीत. गर्दीतले काम म्हणजे राजाच्या दरबारात मागे उभे राहायचे, नाव नाही, बोलणे नाही. बी. ए. झालेली बाई आणि गर्दीत उभी! पण कामाला लाज धरली नाही. १९३६ साली मास्टर विनायक यांच्या ‘छाया’ या सिनेमात त्यांना चांगले काम मिळाले. त्याची कथा वि. स. खांडेकरांची. १९३७ साली ‘जंटलमन डाकू’ नावाचा सिनेमा आला. त्यात त्या पुरुषी पोशाख घालून फिरणाऱ्या, सभ्य दिसणाऱ्या दरोडेखोर बाई झाल्या. त्या वेळी ‘टाइम्स ऑफ इंडिया’ या वर्तमानपत्रात जाहिरात छापली गेली. महाराष्ट्रातली पडद्यावर आलेली पहिली पदवीधर, प्रतिष्ठित घरची बाई, असा त्यात त्यांचा डंका पिटला होता.

पाहा हं. ज्या शिक्षणासाठी बायकांना नावे ठेवीत, तेच शिक्षण आता तिकिटे विकायला उपयोगी पडू लागले.

मुंबईजवळ मालाड येथे बॉम्बे टॉकीज नावाची मोठी सिनेमा कंपनी होती. हिमांशू राय आणि त्यांची पत्नी देविका राणी यांनी ती १९३४ साली उभी केली. तेव्हाच्या मोठ्या कंपन्यांत नट-नट्यांना शाळामास्तरासारखा महिन्याचा पगार असे. देविका राणी हीच तिथली मुख्य नटी. १९३९ साली ‘कंगन’ या सिनेमात तिच्या जागी लीलाबाईंना घेतले. गोष्ट अशी : गावच्या देवभक्त पुजाऱ्याने वाढवलेली मुलगी आणि जमीनदाराचा मुलगा यांचे एकमेकांवर मन बसते. जमीनदार खवळतो आणि पुजाऱ्याला धमकावतो. जमीनदाराच्या मुलाचे काम अशोक कुमार यांनी केले. दिग्दर्शक होते जर्मन, फ्रान्झ ऑस्टन. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि शत्रुदेशाचा माणूस म्हणून इंग्रज सरकारने त्यांना धरून नेले. तरी सिनेमा पुरा झाला, आणि खूप चालला. पाठोपाठ १९४० साली ‘आझाद’ आणि ‘बंधन’, १९४१ साली ‘झूला’. लीलाबाई आणि अशोक कुमार ही जोडी लोकांच्या तोंडी झाली. डोळ्यांनी कसे बोलावे हे आपण लीलाबाईंकडून शिकलो, असे अशोक कुमार यांनी पुढे कबूल केले.

याच १९४१ साली लक्स साबणवाले त्यांच्याकडे आले. परदेशात ही कंपनी तिकडच्या नट्यांची चित्रे अगोदरपासूनच छापत होती. इथे देशी चेहरा हवा होता. त्यांनी लीलाबाईंना निवडले, कारण त्या सुंदर होत्या, शिकलेल्या होत्या, आणि घरंदाज घरच्या म्हणून लोकांना ठाऊक होत्या. नटीचे नाव घरात घेऊ नये म्हणणाऱ्या माणसाच्या न्हाणीघरात नटीचा साबण गेला!

आता जाहिरात वाचायची कशी, ते बघू. जाहिरात एक गोष्ट लिहिते आणि दुसरी सुचवते. लिहिते काय? ही नटी हा साबण वापरते. सुचवते काय? तुम्ही वापरलात तर तुमचीही कांती अशीच होईल. पहिली गोष्ट कागदावर असते, दुसरी आपण आपल्या मनाने वाचतो. नटीची कांती तिच्या आईबापांकडून आलेली असते. वर रंगभूषा असते, दिव्यांचा झोत असतो. साबणाने मळ निघतो, एवढे खरे. म्हणून चित्राकडे बघून झाले की वडी उलटी करा. मागे बारीक अक्षरांत वजन आणि किंमत असते. ‘टी. एफ. एम.’ अशी अक्षरे आणि पुढे टक्के असतात. साबणात तेल-चरबीचा अंश किती, ते या आकड्यावरून कळते. ७६ किंवा जास्त असेल तर साबण पहिल्या प्रतीचा, ७० असेल तर दुसऱ्या, ६० असेल तर तिसऱ्या. आम्हाला विचाराल तर नटीच्या हसण्यापेक्षा हा आकडा वाचावा. लीलाबाईंना आम्ही यात दोष देत नाही. आपला चेहरा आणि आपले नाव ही त्यांची मिळकत होती, आणि घरी मुले होती.

१९४२ साली त्यांनी ‘किसी से ना कहना’ हा सिनेमा स्वतः काढला. १९५५ साली ‘आज की बात’ चे दिग्दर्शन केले. बाईने दिग्दर्शन करणे, म्हणजे सगळ्या पुरुष मंडळींना काम सांगणे, हे त्या वेळी फार क्वचित घडे.

दरम्यान नायिकेची कामे मिळेनाशी झाली. १९४८ साली ‘शहीद’ हा सिनेमा आला. त्यात त्या दिलीप कुमारच्या आई झाल्या. देशासाठी प्राण देणाऱ्या पोराची आई! क्रांतिकारकाला घरात लपवलेल्या बाईला ते काम शिकवावे लागले नसेल. त्या वेळी लीलाबाई चाळिशीच्याही आत होत्या. त्यांच्याहून दोनच वर्षांनी धाकटे अशोक कुमार पुढच्याच वर्षी ‘महल’ मध्ये नायक होते. बाई चाळिशीला म्हातारी आणि पुरुष चाळिशीला जवान, हा सिनेमाचा न्याय आम्हाला कधी पटला नाही. गावातही तो पुष्कळदा दिसतो.

पण मिळाले ते काम लीलाबाईंनी जीव ओतून केले. राज कपूरचा १९५१ सालचा ‘आवारा’ तुमच्यापैकी कोणी जत्रेत, तंबूतल्या सिनेमात पाहिला असेल. त्यात न्यायाधीशाची बायको पोटुशी असताना नवरा संशय घेऊन तिला घराबाहेर काढतो. ती गरिबांच्या वस्तीत मोलमजुरी करून मुलाला वाढवते. ही आई म्हणजे लीलाबाई. १९६१ सालच्या ‘गंगा जमुना’ मध्ये त्या खेड्यातली विधवा आई झाल्या. तिच्यावर चोरीचा खोटा आळ येतो. १९६५ सालच्या ‘गाइड’ मध्ये त्या देव आनंदच्या आई होत्या. नवऱ्याने टाकलेली, लोकांनी बोल लावलेली, मुलांसाठी राबणारी, अशी बाई पडद्यावर उभी करताना लीलाबाईंना लांब जावे लागत नव्हते.

१९८१ साली त्यांनी आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले. आत्मचरित्र म्हणजे आपली हकीकत आपणच लिहिणे. नाव ‘चंदेरी दुनियेत’. तालुक्याच्या वाचनालयात विचारून पाहा. पुस्तक मोठे आहे, पण रोज दोन पाने वाचली तरी चालेल.

१९८७ नंतर त्यांनी सिनेमात काम केले नाही. म्हातारपणी त्या अमेरिकेत गेल्या. तिथल्या डॅनबरी गावी, वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या एका संस्थेत, १४ जुलै २००३ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या नव्वदी ओलांडून गेल्या होत्या.