मासे आणण्याआधीचा महिना

ठाणे

चि. मुक्ता,


वाढदिवसाच्या पैशांतून फिशटँक घ्यायचा आणि रविवारीच मासे आणायचे, असा तुझा बेत दादाने फोनवर सांगितला. ऐकून फार आनंद झाला. टँक जरूर घे, रविवारीच घे. मासे मात्र त्या दिवशी आणू नकोस. त्यांच्यासाठी महिनाभर थांब. का थांबायचं, ते नीट समजावं म्हणून एवढं मोठं पत्र लिहिते आहे.

दुकानात टँक, खडी, खाणं आणि मासे हे सगळं एकाच वेळी मिळतं. घरी आल्यावर दोन-तीन दिवस मासे छान पोहतात. मग ते पाण्याच्या वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात, कल्ले भराभर हलतात, पंख मिटलेले राहतात आणि एकेक करून मासे मरतात. घरातलं कुणीतरी मोठं माणूस म्हणतं, घरावरचं संकट माशाने आपल्या अंगावर घेतलं. असं म्हटलं की मनाला बरं वाटतं, पण मासा कशाने मेला हे कुणी शोधत नाही. पुढच्या रविवारी त्याच पाण्यात नवे मासे येतात आणि तेही मरतात. तुझ्या घरी हे होऊ नये.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, पातळ होतो. टँकमधल्या ५० लिटर पाण्यातून त्याला जायला वाट नसते, म्हणून तो साचतो आणि माशाचे कल्ले जाळतो. यावर निसर्गाचाच उपाय आहे. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच; ते रक्तात गेलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही आणि पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते पुष्कळच कमी घातक असतं. थोडं वनस्पती घेतात, उरलेलं आपण पाणी बदलून काढून टाकतो. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर वस्ती करतात. नव्याकोऱ्या टँकमध्ये ते जवळजवळ नसतातच. त्यांची वस्ती पुरेशी वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तुला थांबायला सांगते ते यासाठी.

या काळात टँक नुसता ठेवायचा नाही, चालू ठेवायचा. पाणी भर, फिल्टर लाव आणि मासे आहेतच असं समजून रोज चिमूटभर खाणं टाक. ते कुजेल, अमोनिया होईल आणि जिवाणूंना अन्न मिळेल. पाणी तपासायचं किट घे. काचेच्या छोट्या नळीत टँकचं पाणी घेऊन त्यात थेंब टाकायचे आणि सोबतच्या कार्डावर रंग जुळवायचा. बहुतेक किटमध्ये अमोनियाची नळी पिवळी असते. काही दिवसांत ती हिरवट होईल, मग चांगली हिरवी. त्यानंतर नायट्राइटच्या नळीतला फिका निळा रंग जांभळा होऊ लागेल. कुबट वास येईल, पाणी थोडं दुधाळही होईल. घाबरून सगळं पाणी ओतून देऊ नकोस. मग एक दिवस, आदल्या दिवशी खाणं टाकलेलं असूनही, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतील. सलग आठवडाभर तसंच आलं की टँक तयार झाला. दादा पुढच्या शनिवारी ठाण्याला येतोय, त्याच्याबरोबर माझ्या जुन्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा ओल्या पिशवीत पाठवते. तो तुझ्या फिल्टरमध्ये ठेव. वाट पाहण्याचे दिवस कमी होतील. तरी निर्णय किटवर सोड, कॅलेंडरवर नाही.

आता बाकीची तयारी. टँक २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच असा घे. काचेचं गोल भांडं घेऊ नकोस. पाणी जितकं कमी, तितकं ते लवकर बिघडतं. भरलेला टँक खडी आणि काचेसकट ७० किलोंच्या आसपास जातो, म्हणून टेबल भक्कम आणि सपाट हवं. खाली थर्माकोलचा तुकडा घाल. खिडकीतलं ऊन थेट पडेल अशी जागा टाळ, नाहीतर शेवाळ माजेल. दिवा रोज ६ ते ८ तास पुरे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो माशांना आणि जिवाणूंना दोघांनाही मारतो. दुकानात अँटिक्लोरीन मिळतं, ते बाटलीवरच्या प्रमाणात घाल. आरओचं पाणी वापरू नकोस, त्यात माशाला लागणारे क्षार जवळजवळ उरत नाहीत. शोभेचे शंख-शिंपलेही नकोत, ते हळूहळू विरघळून पाणी जड करतात. त्यापेक्षा व्हॅलिस्नेरियासारखी पाणवनस्पती लाव.

मासे कोणते, तर माझं मत झेब्रा माशाला. गोल्डफिश फार घाण करतो आणि फार मोठा होतो, २ फुटांच्या टँकमध्ये त्याचे हाल होतात. गप्पी काटक असतो, पण नर-मादी एकत्र ठेवलेस तर दर महिन्याला पिल्लं होतील आणि ती ठेवायची कुठे हा प्रश्न पडेल. झेब्रा मासा आपल्याच देशातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. तुमच्या नाशिकच्या थंडीत टँकचं पाणी १८ अंशांपर्यंत उतरलं तरी तो सोसतो. तो थव्याने राहणारा आहे, म्हणून निदान ६ हवेत. आणि तुला विज्ञानाची आवड आहे म्हणून सांगते, जगभरच्या प्रयोगशाळांत हाच मासा अभ्यासला जातो, कारण त्याची अंडी पारदर्शक असतात. पहाटे घातलेलं अंडं वेगळ्या वाटीत काढून दुसऱ्या दिवशी भिंगाखाली धरलंस, तर आत इवलंसं हृदय धडधडताना दिसेल.

मासे आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगत ठेव, मग टँकचं पाणी थोडं थोडं पिशवीत घाल आणि जाळीने फक्त मासे आत सोड. पिशवीतलं पाणी टाकून दे. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं घाल. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदल. स्पंज कधीही नळाखाली धुऊ नकोस. टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळून काढ, नाहीतर महिनाभर जपलेली वस्ती एका मिनिटात जाईल. चार दिवस गावाला गेलात तर धडधाकट मासे उपाशी राहू शकतात. शेजाऱ्यांना मूठभर खाणं टाकायला सांगू नकोस. वीज फार वेळ जात असेल तर बॅटरीवरचा एअरपंप घेऊन ठेव.

दुकानदार काच साफ करणारा म्हणून सकर मासा देऊ करेल. नको म्हण. तो दक्षिण अमेरिकेतला, फुटाहून मोठा होणारा मासा आहे. लोक तो हौसेने घेतात, टँकमध्ये मावेनासा झाला की नदीत सोडतात. आज भीमेवरच्या उजनी जलाशयात तो पसरला आहे, आणि त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. मासा नकोसा झाला तर दुकानात परत दे, कुणा जाणत्याला दे, पण गोदावरीत सोडू नकोस. त्यात माशाचं भलं नाही आणि नदीचंही नाही.

मुक्ता, हा जीव आपल्याकडे स्वतःहून आलेला नाही, आपण त्याला आणतो. त्याचं पाणी, त्याचं अन्न, त्याची हवा सगळं आपल्या हातात असतं. म्हणून त्याचं घर आधी तयार असायला हवं. रविवारी पाणी भरलंस की एक वही घाल. तारीख, तापमान, अमोनिया, नायट्राइट, रोज एक ओळ लिही. आठवडाभर दोन्ही आकडे शून्य आले की मला फोन कर, मग मासे आणायला जा.

तुझी,
आत्या