मुक्कामाची खोली : ठरवण्याआधी काय पाहावे (वसई-विरारच्या निमित्ताने)



गळीत हंगाम आटोपला, पट्टा बंद झाला आणि उसाचे बिल खात्यावर पडले की दहा-पाच घरे मिळून कुठेतरी जाऊन यावे असा विचार गावोगाव निघतो. देवदर्शन आणि समुद्र एकाच फेरीत उरकायचा असेल, तर विरार-वसईचे नाव हमखास पुढे येते. जीवदानीचा डोंगर, अर्नाळ्याचा किनारा, वसईचा किल्ला, निर्मळचे विमलेश्वर. आणि वाट थोडी वाकडी केली तर वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे. एवढे सगळे दोन दिवसांच्या टप्प्यात बसते. पण परत आलेल्या मंडळींशी बोललो की देवाची आणि समुद्राची गोष्ट थोडी आणि खोलीची तक्रार फार, असे आम्हांस नेहमी आढळते. म्हणून या अंकात मुक्कामाच्या जागेविषयीच लिहीत आहोत.

आपण बैल घेताना दात पाहतो, जमीन घेताना सातबारा पाहतो. खोली मात्र फोनवरचा एक फोटो बघून घेतो आणि आगाऊ रक्कम पाठवून मोकळे होतो. फोटोत पलंग दिसतो, न्हाणीघर दिसत नाही. फोटो कोणत्या साली काढला तेही कळत नाही.

पहिला प्रश्न दराचा नव्हे, कामाचा. आपण कशासाठी जातो आहोत? वसई-विरार हे एक गाव नाही. २००९ साली चार नगरपालिका आणि भोवतालची गावे एकत्र करून ही महानगरपालिका झाली. जिल्हा पूर्वी ठाणे होता, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर आहे. रेल्वेच्या पूर्वेला डोंगर आणि महामार्ग, पश्चिमेला वाड्या, खाडी आणि समुद्र. जीवदानी विरार पूर्वेला, स्टेशनापासून जवळच. अर्नाळा विरार पश्चिमेला, सुमारे आठ किलोमीटर. वसईचा किल्ला त्याहून निराळा, तो वसई रोड स्टेशनाहून सहा-सात किलोमीटर. तेव्हा ‘विरारला उतरलो’ एवढ्याने काही ठरत नाही.

हिशेब करून दाखवतो. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, आजचा भाव म्हणून धरू नयेत. समजा चार कुटुंबे, सोळा माणसे, चार खोल्या, दोन रात्री. स्टेशनाजवळ खोली चौदाशे रुपये, किनाऱ्याजवळ अठराशे. पाच टक्के कर धरला तर स्टेशनाजवळ एकूण ११,७६० रुपये होतात, किनाऱ्याला १५,१२०. म्हणजे ३,३६० रुपये वाचले असे वाटते. आता रिक्षा धरा. एका रिक्षात तीनच माणसे बसवायची, तर सोळा जणांना सहा रिक्षा. एका खेपेचे अडीचशे धरले तरी किनाऱ्यावर जाऊन येण्याचे तीन हजार झाले. मुले दुसऱ्या दिवशी पुन्हा समुद्राचा हट्ट धरणारच, की सहा हजार! वाचवलेले पैसे गेलेच, वर पदरचे अडीच हजार गेले. ज्यांना एकदाच समुद्र पाहून पुढे दवाखान्याच्या किंवा मंत्रालयाच्या कामाला मुंबईत जायचे आहे, त्यांचा हिशेब नेमका उलटा. त्यांनी स्टेशनच धरावे. बसने गेलात तर पुन्हा वेगळा. खोलीचा दर एकट्याने कधी वाचू नये, त्याला वाहतूक जोडून वाचावे. उसाच्या भावात तोडणी-वाहतूक धरल्याशिवाय आपण तरी कुठे बोलतो?

दुसरी गोष्ट वाराची. अर्नाळा, राजोडी, कळंब या पट्ट्यातील बऱ्याच रिसॉर्टांचा धंदा मुंबईकरांच्या शनिवार-रविवारवर चालतो. त्या दोन दिवसांत दर चढतो, गर्दी होते आणि चौकशी करायला मालकाला सवड नसते. आपण शेतकरी माणसे, आपल्याला शनिवारची सक्ती काय? पाण्याची पाळी सांभाळून सोमवार ते गुरुवार गेलो तर तीच खोली कमी दरात मिळण्याची शक्यता असते आणि घासाघीसही करता येते. नवरात्रात जीवदानीला फार मोठी गर्दी लोटते, कार्तिकात निर्मळची यात्रा भरते. त्या काळात जायचेच असेल तर खोली आधी पक्की करावी. तेराशेवर पायऱ्या आहेत. रोप-वे आहे, पण म्हातारी माणसे बरोबर असतील तर तो त्या दिवशी चालू आहे का, हे सकाळी निघण्यापूर्वी विचारावे.

या रिसॉर्टांत एक घोटाळा नेहमी होतो. पुष्कळांचा दर ‘दिवसाच्या सहली’चा असतो : सकाळी यायचे, नाश्ता-जेवण-चहा घ्यायचा, पोहायचे आणि संध्याकाळी निघायचे. हा दर माणशी असतो. रात्रीची खोली त्यात धरलेली नसते. आपला माणूस फोनवर विचारतो, ‘किती हो?’ पलीकडून आकडा येतो. तो खोलीचा की माणशी, जेवणासकट की जेवणाशिवाय, मुलांना अर्धा की पुरा, हे काहीच बोलणे होत नाही. मग तिथं गेल्यावर भांडण. म्हणून फोनवर झालेले बोलणे लगेच मेसेजने लिहून घ्यावे : तारीख, खोल्या किती, माणसे किती, दर कशाचा, कर आत की बाहेर, खोली किती वाजता मिळणार आणि किती वाजता सोडायची. कुठे दुपारी बाराचा नियम असतो, कुठे सकाळी दहाचा, आणि स्टेशनाजवळच्या काही लॉजवर चोवीस तासांची पद्धत असते. रात्रीच्या गाडीने पहाटे पोहोचणाऱ्याला चोवीस तासांची पद्धत फायद्याची. बाराच्या नियमात पहाटे पाचला गेलात तर एक तर सात तास ओसरीवर बसा, नाही तर आदल्या दिवसाचे भाडे भरा.

कराविषयी थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी पाच टक्के आहे. त्यापूर्वी तो बारा टक्के होता. कोणी अजून बारा टक्के लावत असेल तर बिल दाखवा म्हणावे. आणि कर घेतला की बिलावर जीएसटी नंबर असलाच पाहिजे. नंबर नाही तर कर कसला? जेवणाच्या बिलात परस्पर ‘सेवा शुल्क’ चढवणे योग्य नाही, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच काढली आहेत. खूश होऊन पोराच्या हातावर काही ठेवायचे ते आपल्या मर्जीने.

आता प्रत्यक्ष खोली पाहणे. सगळी मंडळी सामानासकट आत घुसण्यापूर्वी दोघांनी, त्यांत एक बाईमाणूस असावी, वर जाऊन खोली पाहून यावी. नळ सोडून पाहावा. किनाऱ्याकडे विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी मचूळ असते आणि या भागात टँकरवरही बरेच चालते. आंघोळीला ते चालेल, पिण्याचे पाणी कोठून येते हे विचारावे. दाराची कडी आतून नीट बसते का, न्हाणीघराची खिडकी बाहेरून दिसते का, गादी उचलून खाली ढेकूण आहेत का, हे बघायला लाजू नये. काही लॉज तासांच्या हिशेबाने खोल्या देतात. कुटुंबासह उतरणाऱ्यांनी संध्याकाळी ओसरीवर पाच मिनिटे बसून येणारी-जाणारी मंडळी पाहिली की जागा कशी आहे ते न विचारता कळते.

इमारतीकडे मात्र जरा थांबून पाहावे, ही आमची आग्रहाची सूचना आहे. २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा भाग कोसळून सतरा माणसे गेली. ते लॉज नव्हते, राहती घरे होती. पण बांधकाम अनधिकृत होते. बाहेरगावच्या माणसाला परवानगीचा कागद तपासता येत नाही, मान्य. डोळे तर आहेत! खांबाला तडे, सुटलेले प्लॅस्टर, आतली गंजलेली सळई दिसली तर दर कितीही उतरवून सांगितला तरी पुढे चालू लागावे. जिना एकच आहे का, दुसरा असल्यास त्याच्या दाराला कुलूप आहे का, खिडकीला आतून न उघडणारी लोखंडी जाळी आहे का, आग विझवायची नळकांडी कोणत्या तारखेपर्यंत चालते, हे बघायला दोन मिनिटे लागतात. म्हातारी आणि मुले असतील तर पहिलाच मजला मागावा.

हॉटेलच नको असेल तर वसई पश्चिमेकडे वाडीतल्या घरांतूनही उतरण्याची सोय काही जण करतात. ‘निवास व न्याहारी’ योजना आहे, २०२० सालापासून राज्याचे कृषी पर्यटन धोरण आहे. नोंदणीचे पत्र मागितले तर खरा नोंदणीदार ते आनंदाने दाखवील. केळीच्या बागेत राहायला मिळते आणि आपल्यासारख्याला बोलायलाही विषय मिळतो. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात वसईच्या बागायतीत केळी, पानवेलीबरोबर उसाचीही नोंद आहे, हे आपल्या सभासदांना ठाऊक असावे. किल्ला तर चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात घेतला. पोराबाळांना तो दाखवायलाच हवा. वाडीत जेवणात मासळी असणार हे धरून चालावे, माळकरी मंडळींनी आधीच सांगून ठेवावे.

पैसे पाठवण्याबाबत. भक्तनिवास, हॉटेले, तीर्थक्षेत्रांच्या सोयी यांच्या नावाने खोट्या वेबसाइटी काढून लोकांना फसवले जाते, असा इशारा केंद्रीय गृह खात्याच्या सायबर केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये दिला होता. शोधल्यावर पहिल्या ओळीत येणारा नंबर खराच असतो असे नाही. फोन लावल्यावर जागेच्या खाणाखुणा विचाराव्यात : स्टेशनाहून कोणत्या रस्त्याने यायचे, शेजारी काय आहे. खोटा माणूस इथे अडखळतो. आगाऊ रक्कम थोडीच द्यावी, आणि पाठवताना पडद्यावर जे नाव येते ते हॉटेलचे आहे की कोणा तिऱ्हाइताचे, ते वाचावे. ‘परत पैसे पाठवतो, तुमचा पिन टाका’ असे कोणी म्हणाला की फोन ठेवून द्यावा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसगत झालीच तर लाजेने दोन दिवस घालवू नयेत, तासाभरातच १९३० वर कळवावे. जेवढे लवकर कळवाल तेवढी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. खोलीच्या सेवेबद्दल तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

नोंदवहीत नाव-गाव लिहून ओळखपत्र दाखवावेच लागते. आधारची प्रत मागितल्यास फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत मिळते, ती गावातून निघतानाच काढून ठेवावी. प्रतीवर कोणत्या हॉटेलसाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते पेनाने लिहावे.

समुद्राचे एकच सांगतो. खोली किनाऱ्याला घेतली म्हणजे मुले डोळ्यांआड पाण्यात जाणार. भरती-ओहोटीच्या वेळा व्यवस्थापकाला विचाराव्यात, किंवा खरे तर कोळी बांधवांना विचाराव्यात, आणि पावसाळ्यात पाण्यात उतरूच नये. अर्नाळ्याचा किल्ला बेटावर आहे, होडीने जावे लागते. परतीची शेवटची होडी किती वाजता ते चढतानाच विचारून घ्यावे.

नाशिक-नगरकडून गाडी करून येणाऱ्यांनी भिवंडी-वज्रेश्वरी-शिरसाड रस्ता धरल्यास कुंडे वाटेतच होतात. मात्र वज्रेश्वरीला उतरायचे की विरारला, हे घरीच ठरवून निघावे. रात्री नऊला चाळीस माणसांसाठी खोल्या शोधत फिरणाऱ्याला दर ठरवता येत नाही, मिळेल ती खोली घ्यावी लागते.